सरकारी की खासगी? आधी विचारा, जोडणी कोणाच्या हातात आहे

पुण्यातल्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरचा प्रश्न आहे: “आमच्या ऑफिसात सगळ्यांचं एकमत आहे की तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात सरकारनं पाऊलसुद्धा ठेवू नये. खासगी कंपन्या आल्या म्हणून फोन स्वस्त झाला. माझे वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. ते म्हणतात, सरकार नसतं तर आपल्या गावात फोनची तार आलीच नसती. बरोबर कोण? आणि बीएसएनएल बंद करून टाकावी का?”

मी आधी सरकारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि नंतर खासगी मोबाइल कंपनीत काम केलं आहे. त्यातला बराचसा काळ इंटरकनेक्शनमध्ये गेला, म्हणजे एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कला जोडायचं काम. त्यामुळे उत्तर दूरसंचारातूनच देतो. भारतात सरकारी मक्तेदारी, खासगी स्पर्धा आणि पुन्हा मूठभरांच्या हातात आलेला बाजार हे तिन्ही टप्पे एकाच पिढीनं पाहिले असं हे क्षेत्र आहे.

तुमचे वडीलही बरोबर आहेत आणि ऑफिसातली मंडळीही, पण दोघंही मालकीकडे बघताहेत. माझ्या मते मालक कोण, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की नव्या माणसाला आत घ्यायचं की ताटकळत ठेवायचं हे कोण ठरवतो, आणि तो ठरवणारा स्वतःच त्या धंद्यात आहे का. तो स्वतः धंद्यात असेल, तर सरकारी असो वा खासगी, अडवणूक ठरलेली.

मुळापासून सांगतो. १८८५ च्या तार कायद्यानं देशात तारयंत्र चालवायचा एकाधिकार सरकारला दिला. टेलिफोनही त्यातच धरला गेला आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. १९९४ साली सरकारनं पहिलं राष्ट्रीय दूरसंचार धोरण मांडलं, तेव्हा त्यात स्वतःच लिहून दिलं होतं की देशात शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन आहेत. एकूण लाइन्स सुमारे ८० लाख आणि प्रतीक्षा यादीत २५ लाख लोक. ५,७६,४९० खेड्यांपैकी जेमतेम १.४ लाख खेड्यांत फोन पोचला होता. ही सरकारची कबुली आहे, विरोधकांचा आरोप नव्हे.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फोनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मोठी अनामत भरून लवकर नंबर लावायचा असेल तर ओवायटी, म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ ही वेगळी रांग. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. घाई असेल तर अर्जंट आणि जीव जायची वेळ असेल तर लाइटनिंग. त्याचा दर साध्या कॉलच्या आठपट.

हे सगळं सरकारी नोकर आळशी होते म्हणून झालं, असं तुमच्या ऑफिसात कोणी म्हणत असेल तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. जमिनीखालच्या जुन्या केबलमध्ये प्रत्येक तारेवर कागदाचं आवरण असायचं. पावसाळ्यात एखाद्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तारांच्या शेकडो जोड्या (एका फोनला एक जोडी) एकदम बंद पडायच्या. लाइनमन आणि केबल जॉइंटर खड्ड्यातलं पाणी उपसून आत बसायचे. एक्स्चेंजच्या एमडीएफवरून, म्हणजे जिथे शहरभरच्या तारा येऊन चढतात त्या चौकटीवरून, एकेका जोडीवर टोन सोडला जायचा. खड्ड्यातला माणूस तो कानानं ओळखायचा आणि ती जोडी सांधायचा. मग पुढची, मग त्याच्या पुढची. भर पावसात हे काम रात्ररात्र चालायचं. या माणसांच्या कष्टांबद्दल मला आजही आदर आहे. तुमच्या वडिलांना विचारा, ते अधिक सांगतील.

टंचाईचं कारण वेगळं होतं. टेलिफोन ही चैनीची वस्तू आहे, असं दिल्लीत दीर्घकाळ धरलं गेलं. त्यामुळे गुंतवणूक तुटपुंजी राहिली. यंत्रसामग्री मुख्यतः बंगळूरच्या आयटीआय, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, या सरकारी कारखान्याकडून घ्यायची, आणि तिथून जेवढी येईल तेवढ्याच नव्या लाइन्स निघायच्या. सगळ्यात मोठं कारण म्हणजे ग्राहकाला दुसरीकडे जायची सोयच नव्हती. रांग लांबली म्हणून कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आता वडिलांची बाजू, आणि ती भक्कम आहे.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्यात भारतीय डिजिटल एक्स्चेंज उभं करायचं, असं तिनं अंगावर घेतलं. सॅम पित्रोदा त्यामागचं प्रमुख नाव. त्यांनी सगळ्यात आधी जे नीट उभं केलं ते १२८ पोर्टांचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, खात्याच्या भाषेत ‘रॅक्स’. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं रॅक्स लागलं. कपाटाएवढं यंत्र, आणि त्याला वातानुकूलन लागत नाही. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटेल, पण तीच निर्णायक होती. परदेशी डिजिटल एक्स्चेंज गार, बंद, धूळमुक्त खोलीत चालायची. आपल्या खेड्यात वीज दिवसाचे काही तासच आणि खोली म्हणजे पत्र्याखालची किंवा कौलाखालची. गारव्याची अट काढल्यावर एक्स्चेंज ग्रामपंचायतीच्या खोलीतसुद्धा बसू लागलं. त्या काळातल्या कोणत्याही परदेशी कंपनीला एवढ्या लहान, एवढ्या गरीब गिऱ्हाइकासाठी मुद्दाम वेगळं यंत्र घडवायचं कारण नव्हतं. ते सरकारी पैशातूनच व्हायचं होतं आणि झालं.

पण इथेच थांबू नका. सी-डॉटनं ते तंत्रज्ञान स्वतःच्या मुठीत ठेवलं नाही. सरकारी आणि खासगी अशा अनेक उत्पादकांना दिलं, आणि एक्स्चेंज बनवायला एकाहून अधिक हात लागले. त्याच सुमाराला पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ सुरू झाले. लाइन खात्याची, बूथ गावातल्या किंवा नाक्यावरच्या माणसाचा, कमिशनवर. अनेक अपंग व्यक्तींची त्यावर घरं चालली. ट्रंक ऑपरेटरची मिनतवारी संपली. सरकारनं यंत्र घडवलं आणि दार उघडं ठेवलं, तेव्हा ते फळलं.

याच्या उलटही लगेच दिसतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण परदेशी फोनचा मक्ताही त्याच कंपनीकडे होता आणि तिची खरी कमाई त्यातली. मग इंटरनेटवरून आवाजी कॉल करायला एप्रिल २००२ पर्यंत बंदी! अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना हातातल्या घड्याळावर नजर ठेवणारी घरं पुण्या-मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत किती होती ते आठवा. तंत्र उपलब्ध होतं, लोकांना हवं होतं, आणि ते वापरणं गुन्हा होता, कारण त्यानं सरकारी कंपनीचा धंदा बुडाला असता. खासगी इंटरनेट कंपन्यांना नोव्हेंबर १९९८ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा कुठे बाकीचा बाजार हलला.

“खासगी कंपन्या आल्या म्हणून फोन स्वस्त झाला” हे वाक्यही तपासून घेऊ.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. कंपन्या खासगीच होत्या, पण दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. चार वर्षांनीसुद्धा मोबाइल श्रीमंतांचाच होता. म्हणजे खासगी मालकी आली, स्वस्ताई आली नाही.

का आली नाही? परवाने लिलावानं दिले गेले आणि कंपन्यांनी आवाक्याबाहेरच्या बोली लावल्या. लँडलाइनच्या लिलावात एकाच कंपनीची नऊ सर्कलांसाठीची (सर्कल म्हणजे परवान्याचा विभाग, साधारण एका राज्याएवढा) बोली सुमारे ८५ हजार कोटी रुपयांची होती. सरकारला मध्येच कमाल मर्यादा घालावी लागली. मोबाइलवाल्यांनीही कबूल केलेली वार्षिक फी उत्पन्नातून निघेना. आणि या साऱ्यावर एक मोठं कोडं होतं. दूरसंचार विभागच धोरण ठरवायचा, तोच परवाना द्यायचा आणि तोच देशातला सर्वांत मोठा फोन ऑपरेटर होता. प्रतिस्पर्ध्याच्या एक्स्चेंजमधून पास झाल्याशिवाय तुमचा कॉल कुठेच पोचत नाही अशी अवस्था.

इथे जरा आत जाऊ, कारण माझं काम इथलंच.

दोन नेटवर्क जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेला पीओआय म्हणतात. तिथे जोडणी मोजायचं जुनं एकक म्हणजे ई-१ पोर्ट. एका ई-१ मधून एका वेळी ३० जण बोलू शकतात, एकतिसाव्याला ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ऐकू येतं. दोनशे कॉलमागे एकापेक्षा जास्त कॉल पीओआयवर अडू नये, असा दंडक आहे. तो पाळायचा तर तीस वाटा असूनही सरासरी एकोणीस जणच बोलत असायला हवेत, कारण लोक ठरवून एकामागून एक फोन करत नाहीत, कॉल लाटेसारखे येतात. गजबजलेल्या तासात एक ग्राहक समोरच्या नेटवर्कवर तीन मिनिटं बोलतो असं धरा. मग एक पोर्ट साधारण ३८० ग्राहकांना पुरतो. आता लाखो ग्राहक असलेल्या कंपनीला समोरच्याकडून किती पोर्ट मागावे लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. आणि ते पोर्ट द्यायचे कोणी? ज्याचे ग्राहक तुम्ही पळवणार, त्यानं.

नाही म्हणायचीही गरज नसते. मागणीपत्र ‘विचाराधीन’ ठेवायचं. जागा नाही म्हणायचं. आगाऊ पैसे भरून घ्यायचे आणि टेस्टिंगची तारीख पुढे ढकलायची. शंभर मागितले तर बारा द्यायचे. इकडे नव्या कंपनीचा ग्राहक फोन लावतो, लागत नाही, आणि तो वैतागून म्हणतो, यांचं नेटवर्कच भिकार आहे. बाहेरून कोणालाही दिसणार नाही अशी ही अडवणूक असते, आणि ती मोडायला वरती तिसरा, दोघांशीही देणंघेणं नसलेला माणूस लागतो.

तो तिसरा माणूस आणायला वेळ लागला. १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, आली. तिचा आणि दूरसंचार विभागाचा अधिकारांवरून झगडा झाला. २००० साली कायदा बदलून तंटे सोडवायला टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण झालं. १९९९ च्या धोरणानं ठरावीक परवाना फीऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. १ ऑक्टोबर २००० ला विभागाचा फोनचा धंदा वेगळा काढून बीएसएनएल झाली. २००२ मध्ये तिनं मोबाइल सेवा सुरू केली आणि खासगी कंपन्यांना दर झपाट्यानं खाली आणावे लागले. हे ऑफिसातल्या मंडळींना आवर्जून सांगा: दर पाडणाऱ्यांत एक सरकारी कंपनी होती. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मग भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या खिशात मोबाइल आला.

स्वस्ताई आणली ती या मांडणीनं: अनेक कंपन्या, त्यांतली एक सरकारी, आणि जोडणी अडवली तर दाद मागायला जागा.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत आहे, पण ती या नजरेनं पाहिलेली नसते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली, कॉल फुकट ठेवून. काही दिवसांतच तिचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरांवर लावत असलेले कॉल मोठ्या प्रमाणावर पडू लागले. कारण तेच: पीओआयवर पोर्ट अपुरे. जुन्या कंपन्यांचं म्हणणं होतं की फुकट कॉलमुळे एकतर्फी पूर येतोय आणि आम्ही पोर्ट देतोच आहोत. ट्रायला ते पटलं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा, अशी शिफारस केली. आता या कंपन्या किंवा त्यांचे पूर्वज नव्वदच्या दशकात कुठे उभे होते? बाहेर, सरकारी एक्स्चेंजच्या दारात, पोर्ट मागत. आयडियाची तर मुळंच आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमधली. मालक खासगी होता, अडवणूक तीच होती. स्वभाव मालकाचा नसतो, जागेचा असतो, हे मला या प्रकरणानं पक्कं पटवलं.

अमेरिकेतही तेच घडलं. बेल टेलिफोन खासगी होती आणि तरी १९८४ साली तिचे तुकडे केले जाईपर्यंत तिनं दुसऱ्याला सुखानं आत येऊ दिलं नाही. आणि ज्या इंटरनेटवर आजची खासगी साम्राज्यं उभी आहेत, त्याची सुरुवात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून १९६९ साली झाली.

इथवर मी सरकारला नियम करणारा म्हणून बरंच श्रेय दिलं. त्याचं दुसरं अंगही मांडायला हवं, कारण सरकारच्या हातातलं नियंत्रण अनेकदा ग्राहकासाठी वापरलं जात नाही.

२००८ साली १२२ टू-जी परवाने ज्या पद्धतीनं वाटले गेले, ती पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २ फेब्रुवारी २०१२ रोजी बेकायदा ठरवून सगळे परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातले सगळे आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयात सुटले. पण ज्या कंपन्यांनी परवान्यावर विसंबून टॉवर उभारले होते, माणसं भरती केली होती, त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्यानंतर ‘उत्पन्नातला वाटा’ म्हणजे नेमकं कोणतं उत्पन्न, यावरचा वाद. तो १९९९ च्या व्यवस्थेतून आला आणि निकाल लागला २४ ऑक्टोबर २०१९ ला, सरकारच्या बाजूनं. व्होडाफोन आयडियाच्या डोक्यावर सुमारे ५८ हजार कोटींची थकबाकी बसली. कंपनीला ती फेडता येईना. मग सरकारनं येणं शेअरमध्ये घेतलं. आधी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये. आता त्या ‘खासगी’ कंपनीत सरकारचा हिस्सा जवळपास ४९ टक्के आहे. कंपनी मात्र सरकार चालवत नाही. सरकारी की खासगी या चौकटीत ही कंपनी कुठे बसवणार?

आणखी एक गैरसमज. खासगी म्हणजे सरकारी नियंत्रणाबाहेर, असं तरुण इंजिनिअर मनात धरून असतात. परवान्याच्या अटी वाचा. जिल्ह्यात इंटरनेट बंद करायचा आदेश आला की खासगी कंपनीसुद्धा ते त्याच तासाला बंद करते; तिला दुसरा पर्याय नसतो. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेलं फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. तिथल्या टॉवरांचे मालक सरकारी होते की खासगी, यानं तिळमात्र फरक पडला नाही. १८८५ च्या जागी २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, तरी बंदीचा अधिकार सरकारकडे राहिला. अशा आदेशांवर स्वतंत्र देखरेख किती खरी आहे, हा प्रश्न मालकीच्या प्रश्नापेक्षा नागरिकाच्या जास्त कामाचा आहे. त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

खेड्यांचा मुद्दा थोडक्यात. जिथे शंभर ग्राहकही मिळणार नाहीत तिथे कोणतीही कंपनी स्वतःहून टॉवर उभारत नाही. यात दुष्टपणा नाही, हिशेब आहे. त्यासाठी सगळ्या कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के घेऊन निधी केला गेला. कल्पना उत्तम. पण त्यातूनच २०११ साली मंजूर झालेलं अडीच लाख ग्रामपंचायतींच्या फायबरचं काम मुदतींवर मुदती ओलांडत राहिलं. पैसा गोळा करायला सरकारी सत्ता लागते. तो वेळेत आणि नीट खर्च करायला निराळी शिस्त लागते, आणि ती आपल्याकडे कमी पडली.

आता यूपीआय. ऑफिसातली मंडळी त्याचं श्रेय अॅपवाल्या कंपन्यांना देत असतील.

पुढच्या वेळी चहाचे पैसे देताना एक गोष्ट बघा. कोणतंही अॅप उघडा, रंग वेगळे, जाहिराती वेगळ्या. पण पिन टाकायची वेळ आली की समोर येणारा पडदा सगळीकडे सारखाच. कारण तो त्या अॅपचा नसतोच. तो एनपीसीआयनं दिलेल्या सामायिक लायब्ररीचा असतो. तुमचा पिन तिथेच कूटबद्ध होऊन बँकेकडे जातो, अॅपच्या मालकाला तो वाचता येत नाही. एनपीसीआय म्हणजे मुंबईतली, २००८ मध्ये रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकारानं झालेली, नफ्यासाठी नसलेली कंपनी. मालकी बँकांची, सरकारी आणि खासगी दोन्ही. ११ एप्रिल २०१६ ला यूपीआयची घोषणा झाली, तेव्हा नियम असा होता की कोणत्याही बँकेचं खातं कोणत्याही अॅपमधून चालायला हवं. जोडणी नाकारायची सोयच ठेवली नाही. पीओआयवरची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या एका नियमाची किंमत कळेल. त्यावर खासगी कंपन्यांनी सोपी अॅप्स बनवली, वाण्याच्या काउंटरवर आवाज देणारा डबा बसवला. ते काम कोणतंही सरकारी खातं एवढ्या वेगानं करू शकलं नसतं, हे मी मनापासून मान्य करतो.

पण तिथेही जुनं दुखणं डोकं वर काढतंय. फोनपे आणि गुगल पे या दोन अॅप्सवरून यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार होतात. एका अॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये काढला गेला. त्याची मुदत दोनदा वाढली, आता ती ३१ डिसेंबर २०२६ आहे. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई आहे, त्यामुळे नुसत्या यूपीआयवर लहान कंपनीला कमाई नाही. खोल खिशाचाच तिथे टिकतो. शुल्क शून्य ठेवण्याचा निर्णय सरकारचा, आणि त्यातून मोठे आणखी मोठे झाले. शिवाय एनपीसीआय नियम करते, नेटवर्क चालवते, आणि भीम हे अॅपही तिच्याच घरातलं; आता वेगळ्या उपकंपनीकडे दिलं असलं तरी. आजवर तिनं त्याचा गैरफायदा घेतल्याचं मला दिसलेलं नाही. पण १९९५ च्या दूरसंचार विभागाची रचना माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून नियम करणारा आणि चालवणारा वेगळे असावेत, असा माझा आग्रह राहील.

उरला बीएसएनएलचा प्रश्न.

ही कंपनी जन्मतः आजारी नव्हती. २००४-०५ मध्ये तिचा नफा १०,१८३ कोटी रुपये होता. २००९-१० मध्ये पहिल्यांदा तोटा झाला. मधल्या काळात काय झालं? मोबाइलची मागणी उसळत होती आणि तिला क्षमता वाढवायला यंत्रं घेता येईनात. साडेचार कोटी लाइन्सची २००६ ची निविदा कोर्टात आणि मंत्रालयात अडकून निम्म्यावर आली. त्यापुढची ९.३ कोटी लाइन्सची निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. खासगी कंपनीचा मुख्य अधिकारी जे चार आठवड्यांत ठरवतो, त्याला इथे चार वर्षं. त्यात थ्री-जी आणि ब्रॉडबँड स्पेक्ट्रमपोटी, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांपोटी, सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये सरकारनं तिच्याकडून लिलावातल्या दरानं घेतले. किती आणि कुठे घ्यायचं, हे ठरवायची मोकळीक तिला नव्हती. एअरटेलनं एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात फोर-जी सुरू केलं. बीएसएनएलला फोर-जीचं स्पेक्ट्रम मिळायला २०१९ चं पुनरुज्जीवन पॅकेज यावं लागलं, २०२० मध्ये फोर-जीची निविदा पुन्हा रद्द झाली, आणि देशभरातलं फोर-जी औपचारिकपणे सुरू झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. तेरा वर्षं! दरम्यान सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘सरकारी माणसं कामं करत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ही तारखांची रांग एकदा नीट वाचावी. खड्ड्यात बसून जोडी सांधणाऱ्याचा यात काय दोष?

तरी बंद करू नये असं माझं मत आहे, आणि ते भावनेपोटी नाही. त्या फोर-जीची कोअर, म्हणजे नेटवर्कचा मेंदू, सी-डॉटची, टॉवरवरचा रेडिओ तेजस नेटवर्क्सचा आणि सगळं जुळवायचं काम टीसीएसचं. म्हणजे रॅक्सवाली तीच सरकारी संस्था आणि दोन खासगी कंपन्या. असं स्वदेशी यंत्र पहिल्यांदा विकत घेऊन, त्यातल्या चुका सहन करत सुधारून घेणारा मोठा गिऱ्हाईक लागतो. नफ्याच्या दडपणाखालची कंपनी ती जोखीम घेत नाही. दुसरं, बीएसएनएल वजा केली तर देशात तीन मोबाइल कंपन्या उरतात, आणि त्यातली एक आज सरकारच्या शेअरवर तग धरून आहे. दोन कंपन्यांच्या बाजारात दर काय होतात हे शिकायला १९९५ चे दर पुरेसे आहेत. तेव्हा मुंबईत दोनच होत्या.

पण आजच्यासारखीही चालवू नये. तिची मालकी धोरण ठरवणाऱ्या दूरसंचार विभागाकडून काढून दुसरीकडे न्यावी. किती, कोणाकडून, कधी घ्यायचं हे तिच्या संचालक मंडळानं ठरवावं आणि चुकलं तर त्यानंच उत्तर द्यावं. गडचिरोलीतल्या दुर्गम गावात टॉवर हवा असेल तर त्याची किंमत सरकारनं जाहीर करावी, निधीतून द्यावी आणि त्या कामाच्या बोलीत खासगी कंपनीलाही उतरू द्यावं. तिनं कमी पैशांत चांगलं केलं तर तिला मिळावं. आणि नंबर न बदलता कंपनी बदलायची जी सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, तिला कोणालाही हात लावू देऊ नये. ती कोणत्याही कंपनीनं, सरकारी वा खासगी, आपण होऊन दिलेली नव्हती. ट्रायनं नियम करून द्यायला लावली.